मुख्याध्यापकांच्या हातात नेमकं असतं काय?

महापालिकेच्या शाळेत मुतारीचा नळ तीन आठवडे गळतोय, तर पालक कुणाला धरतात? हेडबाईंना. वर्गातला पंखा बंद आहे, हेडबाईंना. चौथीला दोन महिने शिक्षकच नाही, पुन्हा हेडबाईंनाच. आणि हेडबाईंचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: "वर कळवलंय." पालकांना ही उडवाउडवी वाटते. कधी कधी ती असतेही. पण पुष्कळदा ते उत्तर शब्दशः खरं असतं, आणि तिथेच पालकांची गाडी अडते. कारण हे 'वर' म्हणजे कोण, आणि खाली बाईंच्या हातात काय उरतं, हे कुणी समजावून सांगत नाही.

आधी इमारतच बघा. मुंबईत महापालिकेच्या शाळेचा पत्ता एक असतो, शाळा मात्र तिथे तीन-चार असू शकतात. पालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. तळमजल्यावर मराठी, पहिल्या मजल्यावर उर्दू, दुसऱ्यावर हिंदी. त्यातही सकाळ-दुपार अशी दोन सत्रं. प्रत्येक शाळेला वेगळा मुख्याध्यापक, वेगळं हजेरीपत्रक, वेगळा पट. गेट, जिना, पाण्याची टाकी आणि मैदान मात्र सगळ्यांत एकच. टाकी साफ करून घ्यायची वेळ आली की ती नक्की कुणाची, हा प्रश्न चार हेडमास्तरांमध्ये फिरत राहतो. डागडुजीचं काम तर त्यांच्यातल्या कुणाचंच नाही. त्यासाठी पालिकेचा अभियंत्यांचा वेगळा कक्ष आहे. बाईंनी पत्र द्यायचं, पावती घ्यायची, पाठपुरावा करायचा. त्यांच्या अधिकाराची हद्द तिथे संपते.

वरची शिडीही लांब आहे. मुख्याध्यापकांवर विभाग निरीक्षक, त्यांच्यावर प्रशासकीय अधिकारी, मग उपशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, उपायुक्त, अतिरिक्त आयुक्त आणि सगळ्यांच्या वर आयुक्त. प्राथमिक शिक्षणाची सोय करणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, असं १८८८ च्या महापालिका कायद्यातच आहे, त्यामुळे ही यंत्रणा जुनी आणि मुरलेली आहे. तिच्या जोडीला राज्य सरकारचे शासन निर्णय आणि केंद्राचा शिक्षणहक्क कायदा व पोषण आहाराची योजना. शिक्षक नेमणं, बदली करणं, पगार ठरवणं, अभ्यासक्रम निवडणं, यातलं काहीही मुख्याध्यापक करू शकत नाहीत. खासगी कंपनीत एवढ्या कमी अधिकारावर एवढी जबाबदारी कुणी घेणार नाही, असं माझं मत आहे. तरी आपण त्यांना 'शाळेचे प्रमुख' म्हणतो.

हा तिढा फक्त मुंबईचा नाही. हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकाला १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते संस्थांमध्ये निर्णय कसे घेतले जातात याच्या अभ्यासासाठी. त्या विचाराची सुरुवात झाली ती मुलांच्या मैदानांवरून. १९३५ च्या सुमारास, विद्यार्थी असताना, ते मिलवॉकी शहरातल्या खेळाच्या मैदानांचा कारभार बघायला गेले. ही मैदानं शाळा मंडळ आणि शहराचं बांधकाम खातं मिळून सांभाळत. पैसे कशावर खर्च करायचे यावरून दोघांचं जमत नव्हतं. शाळा मंडळाला मुलांना खेळवणारी माणसं जास्त हवी होती, बांधकाम खात्याला मैदानांची निगा. अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवलं होतं त्याप्रमाणे, एक रुपया इकडे घातला तर किती फायदा आणि तिकडे घातला तर किती, असा हिशोब तिथे कुणीच मांडत नव्हतं. जो तो आपल्या खुर्चीतून दिसेल तेवढंच बघत होता.

सायमन यांनी पुढे यातून जे मांडलं ते थोडक्यात असं. माणसाला सगळी माहिती कधीच नसते, वेळ नसतो, आणि डोक्याची क्षमताही मर्यादित असते. म्हणून तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. चालण्यासारखा पर्याय सापडला की तिथे थांबतो. दादरला गर्दीच्या वेळी लोकल आली की आपण बाराही डबे तपासून सगळ्यात मोकळा डबा निवडत नाही, जिथे पाय टेकवायला जागा दिसते तिथे चढतो. शाळेचा कारभार चालतो तो असाच. फरक एवढाच की इथे चुकीच्या डब्यात चढलेली मुलं असतात आणि चढवणारा दुसरा कुणीतरी.

आता एक दिवस जवळून बघू. सोमवार, १८ ऑगस्ट २०२५. मुंबईत सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारच्या सत्रातल्या शाळांना पालिकेनं सुट्टी जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्याच शाळांना. सुट्टीचा निर्णय वरचा, त्यात मुख्याध्यापकांचा काही संबंध नाही. पण ती घोषणा झाली तेव्हा सकाळच्या सत्राची मुलं वर्गात बसलेली होती. त्यांचं काय करायचं, हे कुठल्याच घोषणेत लिहिलेलं नसतं.

अशा वेळी मुख्याध्यापकांच्या टेबलावर काय काय येतं, बघा. व्हॉट्सॲपवर वरून निरोप येतो की विद्यार्थ्यांना सुरक्षितपणे घरी सोडावं, आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा. गेटवर दहा-बारा आया छत्र्या घेऊन उभ्या असतात. खिचडीचे डबे आलेत, पण वाटप व्हायचंय. शेजारच्या उर्दू शाळेनं मुलं सोडली अशी बातमी जिन्यावरून खाली येते. पहिलीतल्या मुलाचे आई-वडील दोघेही कामावर, आई चार घरची धुणीभांडी करणारी, फोन उचलत नाही. वस्तीतला नाला भरलाय की नाही, कुणालाच ठाऊक नाही. समुद्राला भरती किती वाजता, हेही बघायचं असतं, कारण भरतीच्या वेळी पाणी ओसरत नाही.

मुलं लवकर सोडावीत तर ती रस्त्यावर पाण्यात अडकतील. थांबवून ठेवावीत तर अंधार पडेपर्यंत शाळेतच राहतील, आणि दोन तासांनी पाणी आणखी चढलेलं असेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कित्येक शाळांत मुलं रात्रभर थांबली होती, आणि ती थांबली म्हणूनच वाचली असं मानणारे शिक्षक आजही भेटतात. म्हणजे सोडणं बरोबर की ठेवणं बरोबर, याचं एकच उत्तर नाही.

ज्या मुख्याध्यापकांना हे नीट जमतं त्यांना त्या सकाळी काही अचाट सुचतं असं नाही. त्यांनी जूनमध्येच पालकांचे फोन नंबर वर्गशिक्षकांकडून पुन्हा तपासून घेतलेले असतात, कारण वस्तीत दर वर्षी सिमकार्डं बदलतात. कुठली मुलं नाल्यापलीकडून येतात याची यादी काढलेली असते. धाकट्याला घरी न्यायला मोठी बहीण सातवीत आहे का, हे वहीत नोंदलेलं असतं. अशी वही असेल तर पंधरा मिनिटांत तीन गट पडतात: पालक आलेत ती मुलं, मोठ्या भावंडाबरोबर सोडता येतील ती, आणि शाळेतच ठेवायची ती. खिचडी आधी वाढायची, कारण शेवटच्या गटातली मुलं उपाशी राहता कामा नयेत. वही नसेल तर हेडमास्तर वर फोन लावत बसतात, वरची लाइन लागत नाही, आणि शेजारच्या शाळेनं जे केलं तेच आपणही करायचं, असं आपोआप ठरतं. निर्णय ऑगस्टमध्ये दिसतो खरा, पण तो घेतलेला असतो जूनमध्ये.

काही बाबतींत मात्र विचार करायला जागाच नाही, आणि ती नसलेलीच बरी. मुलाला मारायचं नाही, हा शिक्षणहक्क कायद्याचा नियम. लैंगिक छळाची शंका आली तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं, हे पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. आणि हाताखालच्या माणसानं केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखानं कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आधी आपापसात चौकशी करू, शाळेचं नाव खराब होईल' असं म्हणणारा मुख्याध्यापक नेतृत्व दाखवत नसतो, गुन्हा करत असतो. इथे वरून मार्गदर्शन मागवण्याचीही गरज नाही.

याच्या मधला भाग सगळ्यात कठीण, कारण तिथे कायदा एक सांगतो आणि यंत्रणा दुसरंच मोजते. समजा, नोव्हेंबरात गोवंडीतल्या एका शाळेत एक बाई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. कुटुंब बांधकामाच्या साइटवर राहणारं, आधी पनवेलला, त्याआधी कर्नाटकात. मुलगी कधी शाळेत गेलेली नाही. जन्मदाखला नाही, आधार नाही. शिक्षणहक्क कायदा स्पष्ट आहे: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, वर्षाच्या मध्यात आली म्हणूनही नाकारायचा नाही, आणि वयाला शोभेल त्या वर्गात बसवायचं. म्हणजे ही मुलगी चौथीत. तिला अक्षरओळखसुद्धा नाही, म्हणून वर्गाच्या बरोबरीला आणायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हीही कायद्यातलीच तरतूद.

आता दुसरी बाजू. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेवर, म्हणजे शिक्षकांच्या पदांना मिळणाऱ्या मंजुरीवर, ठरतं. ती ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि पटात धरली जातात ती आधार जुळलेली मुलं. ही मुलगी नोव्हेंबरात आली आणि आधारशिवाय आली, म्हणजे ती वर्गात बसणार, खिचडी खाणार, बाईंचा वेळ घेणार, पण शिक्षकांच्या हिशोबात धरली जाणार नाही. कायद्याप्रमाणे प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. पट थोडा घसरला की एखादा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. दीडशेच्या आत पट गेला तर कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेला वेगळ्या मुख्याध्यापकाचा हक्कही राहत नाही. त्यामुळे हेडबाई पट मोजतात तेव्हा त्या स्वतःची खुर्चीही मोजत असतात.

या शाळेच्या हेडबाईंपुढे तीन वाटा आहेत. कायद्याकडे बोट दाखवून मुलीला लगेच बसवायचं. 'कागद घेऊन या' म्हणून परत पाठवायचं, म्हणजे बहुधा ती परत येणारच नाही. किंवा वरिष्ठांना पत्र लिहून मार्गदर्शन मागवायचं आणि उत्तराची वाट बघायची. तिसरी वाट सगळ्यात सुरक्षित, कारण फाइलमध्ये कुणाचीच चूक दिसत नाही. दुसरी बेकायदा आहे, पण तिची तक्रार कुणी करत नाही. ती आई थोडीच वॉर्ड ऑफिसात जाणार आहे? अनुभवी मुख्याध्यापक पहिली वाट धरतात आणि त्याच दिवशी एक पत्र वर पाठवतात, परवानगी मागणारं नव्हे तर कळवणारं: अमुक कलमानुसार प्रवेश दिला आहे, आधार नोंदणीसाठी सहकार्य व्हावं. पत्रातला हा फरक बारीक आहे, पण शिपाई टपाल घेऊन जाईपर्यंत मुलगी वर्गात बसलेली असते.

आता पालकांच्या हातात काय असतं ते बघू, कारण ते फार थोड्यांना माहीत असतं. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. म्हणजे कागदावर तरी मुख्याध्यापक अध्यक्षांच्या शेजारी बसून टिपणं घेतात. शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत पटाप्रमाणे वार्षिक अनुदानही ठरलेलं आहे: १०१ ते २५० मुलांच्या शाळेला ५० हजार, २५१ ते १,००० मुलांना ७५ हजार, त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेसाठी. रक्कम फार मोठी नाही. पण मुतारीचा नळ बदलायला पुरते, आणि त्यासाठी अभियंत्यांच्या कक्षाची वाट बघावी लागत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? बऱ्याच शाळांत सभेचं इतिवृत्त सभेआधीच लिहून तयार असतं, आणि आया सही करून कामाला पळतात, कारण त्यांचा अर्धा खाडा होतो. सभा सकाळी अकराला ठेवली की असंच होणार. संध्याकाळी सातला ठेवून बघा, किंवा रविवारी. सभेची वेळ कुणी ठरवायची? मुख्याध्यापकांनी. त्यासाठी कुठलं परिपत्रक लागत नाही.

वेळेवरून आठवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. हेतू चांगला. पण एकाच इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या शहरात नऊला सुरू करायचं तर दुपारचं सत्र कुठे ढकलायचं, हे गणित वर्गखोल्यांची चावी ज्याच्याकडे असते त्यालाच सोडवावं लागतं. मुंबईबाहेर ज्या गावात शाळेचं एकच सत्र आहे, तिथे तोच आदेश सहज पाळता येतो. निवडणुकीच्या कामाचंही तसंच. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसऱ्या कामाला लावू नये, असं कायदा म्हणतो, आणि मतदार यादीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याची वेळ सोडून करून घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००७ मध्ये म्हटलं होतं. तरी २०२४ साली मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा, आणि मधल्या प्रशिक्षणांना शिक्षक गेले की उरलेल्यांनी दोन-दोन वर्ग सांभाळायचे. कुणाचे वर्ग एकत्र करायचे, हे पुन्हा 'आपल्या स्तरावर'.

हे सगळं वाचून वाटेल की मुख्याध्यापकांच्या हातात काहीच नसतं. तसं नाही. एक निर्णय पूर्णपणे त्यांचा असतो, त्याच्यात कुणी हात घालत नाही, आणि माझ्या मते तो वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय आहे: कुठल्या शिक्षकाला कुठला वर्ग द्यायचा.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. त्याआधी वर्गवाटप होतं. रीत अशी की सगळ्यात चांगला शिक्षक शिष्यवृत्तीच्या वर्गाला, कारण तिथला निकाल फळ्यावर लागतो आणि विभाग निरीक्षक तोच बघतात. पहिली मिळते नव्यानं बदलून आलेल्या बाईंना, किंवा निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या सरांना, किंवा ज्यांनी भांडण केलं नाही त्यांना. वरिष्ठ शिक्षक आपला वर्ग सोडत नाहीत, आणि मुख्याध्यापक कालपर्यंत त्यांच्याबरोबरच स्टाफरूममध्ये डबा खात असतात. पदोन्नती ज्येष्ठतेवर होते. बहुतेकांना ही खुर्ची पन्नाशी ओलांडल्यावर मिळते आणि अठ्ठावन्नाला सुटते. पद रिकामं असलं तर एखादा शिक्षकच 'प्रभारी' म्हणून बसतो, स्वतःचा वर्ग सांभाळून. अशा माणसानं जुन्या मैत्रिणीला 'तू या वर्षी पहिली घे' म्हणायचं, हे आयुक्तांना पत्र लिहिण्यापेक्षा अवघड.

पण फरक पडतो तो इथेच. शाळेच्या आतल्या गोष्टींत मुलांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम वर्गातल्या शिकवण्याचा होतो आणि त्याखालोखाल नेतृत्वाचा, असं अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासकांनी २००४ मध्ये एका मोठ्या आढाव्यात मांडलं होतं. नेतृत्वाचा परिणामही थेट होत नाही, तो शिक्षकांमार्फत होतो. पहिली-दुसरीत वाचन बसलं नाही तर पुढे इतिहासाचं पुस्तक वाचता येत नाही, गणितातलं शाब्दिक उदाहरण कळत नाही, आणि पाचवीतल्या चांगल्या शिक्षकाचं अर्धं वर्ष अक्षरं गिरवून घेण्यात जातं. २०२१ पासून सुरू झालेल्या निपुण कार्यक्रमाचा सगळा भर याच सुरुवातीच्या वाचन-गणितावर आहे. त्याचे तक्ते भिंतींवर लागलेत. पहिलीचा वर्ग कुणाला दिला, हे त्या तक्त्यात नसतं.

काही मुख्याध्यापक यातून वाट काढतात. शिष्यवृत्तीचा वर्ग घेणाऱ्या बाईंना सांगतात की तुमचा वर्ग ठेवा, पण सकाळचा पहिला तास पहिलीला द्या. काही जण स्वतः पहिली घेतात. छोट्या शाळेत ते शक्य असतं, आणि मग बाकीच्यांना 'नको' म्हणायला तोंड राहत नाही. आणि काही जण वाटपाची यादी समितीच्या सभेत वाचून दाखवतात, कारणांसकट. पालकांनी तिथे एवढंच विचारलं तरी पुरे: या वर्षी पहिलीला कोण आहे, आणि का? हा प्रश्न वर पाठवता येत नाही. त्याचं उत्तर त्याच खोलीत असतं.